अकरा मधल्या बाभळी

सर,

गायरानातलं बाभळबन गेलं. परवा शेवटचं झाड आडवं केलं आणि काल सकाळी जमीन सपाट करणारं यंत्र फिरलं. तिथे आता सौर विजेच्या पट्ट्या बसणार आहेत. हे तुम्हाला सांगायचं कारण इतकंच, की ते बन तुम्ही एकदा पाहिलं होतं. आणि ते पाडताना ज्या कागदाचा आधार घेतला, त्या कागदावर तुमची सही आहे. माझीही आहे, पण माझ्याबद्दल नंतर. आधी मला तुमच्यावर रागवायचं आहे. तुम्ही होतात तोवर ते जमलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर सतरा वर्षांत दर वेळी काहीतरी आडवं आलं. बहुतेक वेळा कृतज्ञता.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मंगळवेढ्याच्या पलीकडच्या गावाची, मेंढरं राखणाऱ्या घरातली मुलगी होते. एसटीने यायचे. माझ्या कपड्यांना लोकरीचा वास येतो असं विभागात कुणीतरी म्हणाल्याचं मला ऐकू आलं होतं. दोन प्राध्यापकांनी मला पीएचडीसाठी घ्यायला नकार दिला होता. माझं इंग्रजी कच्चं आहे, हे त्यांचं कारण खरंही होतं. तुम्ही माझा अर्ज वाचलात, चष्मा काढलात आणि एकच विचारलंत, काट्यांची भीती वाटते का. मी नाही म्हटलं. मग बाभळीवर काम कर, म्हणालात. आपल्याकडे बाभूळ एवढी आहे की तिच्याकडे कुणी बघत नाही, तिच्या शेंड्याला कोणकोणते किडे राहतात ते आजवर नीट कुणी मोजलेलं नाही. त्या दिवशी मी वरच्या मजल्यावरून जिना उतरले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

कामाची रीत तुम्हीच शिकवलीत. झाडाखाली पांढरी चादर पसरायची, फांदीवर काठीने ठरावीक ठोके मारायचे, आणि जे खाली पडेल ते पळून जायच्या आत नळीने ओढून बाटलीत घ्यायचं. बाटलीत स्पिरिट, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर झाडाचा नंबर. मी घरून जुनी चादर नेली होती, ती पहिल्या आठवड्यातच काट्यांनी फाटली. आईने तिला ठिगळं लावली. पुढे पुढे ठिगळाच्या रंगावर बसलेला किडा मला दिसायचा नाही म्हणून मी तिच्यावर चिडले होते.

झाडं मात्र मला आण्णांनी दाखवली. माझे वडील, सर. ज्यांना तुम्ही नंतर एकदा भेटलात. मी पुस्तक वाचून गेले होते आणि पुस्तकात आमच्या भागातल्या बाभळीचे दोन प्रकार होते. एक रामकाठी, सरळ वर जाणारी, उभ्या केलेल्या झाडूसारखी. दुसरी तेली, ऐसपैस पसरणारी, जिच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या दोन दाण्यांमध्ये आवळलेल्या असतात. आण्णा काठी टेकत बनातून माझ्यापुढे चालले होते. ही रामकाठी, ही तेली, असं करत करत एका झाडापाशी थांबले. बुंधा रामकाठीसारखा सरळ, पण वर जाऊन पसरलेला; शेंगा अर्धवट आवळलेल्या. ते म्हणाले, "ही मधली. हिच्याखाली मी मेंढरं बसवत न्हाय. लई किडं पडत्यात अंगावर. रामकाठीवरचं बी पडत्यात, तेलीवरचं बी, आन् ह्या दोन्हीवर नसत्यात तसलं बी."

मी ते वहीत लिहून घेतलं, पण खरं सांगायचं तर वडिलांचं मन राखायला. मग श्रावणापासून दिवाळीपर्यंत चादर पसरत राहिले. दहा रामकाठी, दहा तेली आणि आण्णांच्या अकरा मधल्या. रामकाठीची दहा झाडं थोडीफार एकसारखी बोलायची; एकीवर जे, तेच दुसरीवर. तेलीचंही तसंच. मधल्या बाभळींची गोष्टच वेगळी होती. एकीवर काट्यासारखे दिसणारे शिंगवाले किडे आणि त्यांच्या मागे मुंगळ्यांची रांग. तिच्या शेजारच्या मधलीवर ते औषधाला नाहीत, पण काटक्यांचं घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या अळ्या फांदीफांदीला लटकलेल्या. तिसरीवर हे दोन्ही, शिवाय लहानपणी आम्ही काडेपेटीत पाला घालून पाळायचो ते हिरवे चकाकणारे भुंगे. आणि काही बारीक किडे असे, जे मला पुढे कोणत्याच रामकाठीवर आणि कोणत्याच तेलीवर सापडले नाहीत. आण्णा म्हणाले होते तस्संच. मी चादरीवर गुडघे टेकून बसले होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

तुम्ही आलात तो दिवस मला अजून दिसतो. भाद्रपदातलं ऊन, तुमचा पांढरा शर्ट, हातात छत्री. आण्णांनी तीन दगडांवर शेळीच्या दुधाचा चहा केलेला. तुम्ही तो पिता की नाही याच्या काळजीने मी उभी, आणि तुम्ही कप पुढे करून अजून मागता. मग आण्णा तुम्हाला मधलीकडे नेतात. तुम्ही गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून त्या शिंगवाल्या किड्यांपाशी वाकता आणि अर्धा तास तसेच राहता. मुंगळा किड्याच्या पाठीवर मिशी फिरवतो, किडा मधासारखा थेंब सोडतो, मुंगळा पितो, आणि तुम्ही मला बोलावून बोलावून ते दाखवता. मी तुम्हाला त्याआधी आणि त्यानंतर इतकं आनंदी पाहिलं नाही. निघताना ते भिंग तुम्ही माझ्या हातात ठेवलंत. आण्णांना नमस्कार केलात. एसटीच्या थांब्यापर्यंत मात्र तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. गाडी दिसली तेव्हा म्हणालात, तुझे वडील सांगतात ते खरं असेल, पण तू कागदावर काय लिहिणार. मला वाटलं, ते तुम्ही मला शिकवाल.

शिकवलंत. कार्तिकात मी तक्ते घेऊन आले. प्रयोगशाळेत आणखी चार विद्यार्थी होते, आणि प्रयोगशाळेतले मामा, ज्यांच्या ताब्यात बाटल्या आणि चाव्या असायच्या. तक्त्याचा तिसरा रकाना तुम्ही पाहिलात. त्यावर मी "मधली" असंच लिहिलं होतं, इंग्रजी शब्द सुचला नव्हता. ही कोणती जात, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, दोन्हींची मिसळ. कशावरून, तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, बुंध्यावरून, शेंगांवरून, आण्णांनी दाखवलं त्यावरून. तुमचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"झाड कोणतं हे सांगता येत नसेल तर त्याच्यावरच्या किड्यांना काही अर्थ नाही. हा गोंधळ आहे. संशोधन नाही. हा रकाना काढून टाक."

मग म्हणालात की बाटल्यांची टंचाई आहे, त्या अकरा झाडांच्या बाटल्या रिकाम्या करून धुऊन ठेव. चौघे ऐकत होते. मी बेसिनपाशी गेले. मामांनी शेजारी येऊन नळ सोडून दिला. एकेक चिठ्ठी भिजवून खरवडून काढायला लागत होती. स्पिरिटचा वास डोळ्यांत जात होता, त्यामुळे डोळ्यांचं काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. श्रावण ते दिवाळी, अकरा झाडं, मोरीच्या जाळीवर पाय वर करून पडलेली. संध्याकाळच्या गाडीने मी गावी गेले आणि आण्णांनी विचारलं, मास्तर काय म्हणाले. मी सांगितलं, चांगलं म्हणाले.

बाकीचं ठरल्यासारखं झालं. पदवी मिळाली. तुमच्या शब्दामुळे नोकरी मिळाली. तुम्ही निवृत्त झालात, मग गेलात, आणि मी तुमच्या खोलीत बसू लागले. मधल्या वर्षांत बाहेरच्या जगात काय काय लिहिलं गेलं ते मी वाचत होते. ओक नावाचं झाड मी कधी पाहिलेलं नाही. सोलापुरात ते कुठून दिसणार. पण थंड देशांत ओकच्या जाती जवळजवळ उगवतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांची मधली झाडं तयार होतात. त्या झाडांच्या शेंड्यावर राहणारे किडे त्या मिसळीप्रमाणे बदलतात, कुठे वाढतात, कुठे कमी होतात, पण दोन मूळ जातींवर असतात तसेच राहत नाहीत. रानातली झाडं आतून जितकी एकमेकांपासून वेगळी, तितकी वरच्या पानांतली वस्ती वेगळी. हे लोकांनी मांडलं, त्यावर वाद घातले, पुन्हा मोजलं. मी स्टाफरूममध्ये बसून हे वाचायचे तेव्हा माझ्या तोंडाला स्पिरिटची चव यायची. आमच्या गायरानात हेच होतं, सर. मेंढक्याला ते ठाऊक होतं, त्याच्या मुलीने ते बाटलीत भरलं होतं, आणि तुम्ही ते धुवायला लावलंत.

एवढ्यावर मी गप्प राहिलेच होते. गेल्या थंडीत गावात ग्रामसभा झाली. गायरान कंपनीला द्यायचं की नाही, असा विषय. मी रजा टाकून गेले. आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण तेही काठी टेकत आले आणि पुढच्या सतरंजीवर बसले. मी उठून बोलले. हे बन साधं नाही, म्हटलं, इथल्या बाभळी एकसारख्या नाहीत, असं मिश्र बन पुन्हा लावून मिळत नाही. लोक ऐकत होते. कंपनीचा माणूस तरुण होता, नम्र होता. त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग पिशवीतून एक छापील प्रत काढली, खूण केलेलं पान उघडलं, आधी इंग्रजीत वाचलं आणि मग गावासाठी मराठीत सांगितलं: या परिसरातल्या संकरित बाभळींना कीटकांच्या दृष्टीने वेगळं महत्त्व नाही. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलेलं आहे ना?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी हो म्हटलं.

मग तो म्हणाला की पाडलेल्या बाभळींच्या बदल्यात कंपनी महामार्गाच्या कडेला बाभळीच लावणार आहे, त्याही सरळ वाढणाऱ्या, एकाच रोपवाटिकेतल्या, एका उंचीच्या. झाडाला झाड देतोय की आपण. लोकांना ते पटलं. का पटू नये? मी त्या वेळी काय सांगणार होते, की रांगेत उभी केलेली एका मापाची शंभर झाडं आणि आमच्या बनातली वेडीवाकडी शंभर झाडं, यांतला फरक वरच्या पानांत राहणाऱ्यांना कळतो? ते मी सांगायला हवं होतं. पण माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं होतं. आण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात, जणू मेंढराचा पाय तपासत असावेत तसं विचारलं, "तू लिहिलंस व्हय? मी तर तुला मधली दावली हुती की."

सर, तुम्ही त्या सतरंजीवर असायला हवं होतं. तुमच्याकडे बघून त्यांनी ते विचारायला हवं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी सोलापुरात सात रस्त्याला औषधांच्या दुकानाबाहेर मला प्रयोगशाळेतले मामा भेटले. विणकरांच्या घरातले, म्हातारे झालेत, मुलीबरोबर तेलुगूत काही बोलत होते, मला पाहून मराठीवर आले. मी न राहवून ग्रामसभेचं सगळं सांगितलं. त्यांनी औषधांची पिशवी मुलीच्या हातात दिली. मग म्हणाले, "तुम्हाला म्हाईत न्हाई काय, मॅडम? सरांचं पीएचडीचं पहिलं पुस्तक परत आलंतं की." तरुणपणी तुम्ही बोरींवर काम केलं होतं म्हणे. रानबोर, कलमी बोर आणि आपोआप उगवलेल्या मिसळीच्या बोरी, आणि तिघींवरचे किडे. तोंडी परीक्षेला भरल्या सभागृहात परीक्षक म्हणाले, आधी झाड ओळखायला शिका. प्रबंध नाकारला. तुम्ही दोन तास मामांच्या स्टुलावर बसून होतात आणि त्यांनी तुम्हाला पाणी दिलं ते तसंच राहिलं. नंतर तुम्ही नाकतोड्यांच्या एका जातीवर दुसरा प्रबंध लिहून पदवी घेतलीत, आणि बोरींचं नाव पुन्हा काढलं नाहीत. मामा म्हणाले, माझ्यासोबत तसं होऊ नये म्हणून तुम्ही केलं असणार.

असेलही. ते ऐकल्यावर माझा राग निवायला हवा होता, मामांनाही तसंच वाटलं असणार. तो वाढला. कारण तुम्हाला माहीत होतं, सर. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हाला ते दिसलं नाही. तुम्हाला तर माझ्या आधी दिसलं होतं. आमच्या बनात अर्धा तास वाकून तुम्ही जे पाहत होतात ते तुमचं हरवलेलंच पाहत होतात, आणि एसटीच्या थांब्यापर्यंतचा तुमचा अबोला मला आता कळतो. मग दोन वाक्यं का बोलला नाहीत? माझं असं झालं होतं, तुझंही होईल, म्हणून आत्ता हे बाजूला ठेव आणि नंतर कर. एवढंच. मी ऐकलं असतं. मी रकाना काढला असता, पदवी घेतली असती, आणि त्या बाटल्या आमच्या घरी धान्याच्या कणगीमागे ठेवल्या असत्या. भीती तुमची होती, तुम्ही ती मला शास्त्र म्हणून शिकवलीत. आणि ती मी इतक्या मनापासून शिकले की पुढच्या वीस वर्षांत, तुमच्या खुर्चीत बसूनसुद्धा, मी त्या बनात चादर घेऊन परत गेले नाही.

आता माझ्याबद्दल. प्रबंधाच्या मसुद्यावर समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, ही झाडे वगळावीत. तेवढंच. "वेगळं महत्त्व नाही" हे तुमचं नाही. तुम्ही खूश व्हावं, मी शहाणी झाले हे तुम्हाला दिसावं, म्हणून ते वाक्य मी स्वतः रचलं. तुम्ही ते वाचलंत, थोडे थांबलात आणि लाल शाईने बरोबरची खूण केलीत. ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्या तरुणाने ग्रामसभेत वाचलं ते हेच वाक्य.

पाडणं सुरू होण्याआधी आठ दिवस मी गावी जाऊन राहिले. नवी चादर नव्या पेठेतून नेली. पण वैशाखात बाभळीवर काय मिळणार. श्रावणातली वस्ती वैशाखात नसते, आणि मिळालं तरी ते कशाशी ताडून बघायचं. तरी प्रत्येक मधलीखाली बसले. अकरापैकी सात उभ्या होत्या. चौथ्या दिवशी आण्णा म्हणाले, किडं राहू दे, शेंगा गोळा कर. शेंगा पिकल्या होत्या. आम्ही पोती भरली. घरी राहिलेल्या पाच शेळ्यांना त्यांनी त्या चारल्या आणि लेंड्यांतले दाणे वेचायला मला बसवलं, कारण शेळीच्या पोटातून आलेला दाणा लवकर उगवतो. एकाच शेंगेतले दोन दाणेही सारखं झाड देत नाहीत, कुठल्या झाडाचा पराग कुठे गेला ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. ते आता आमच्या बांधावर टोकायचे आहेत. बांध छोटा आहे. गायरान मोठं होतं. ही भरपाई नाही, हे मला कळतं, आणि कुणी तसं म्हणायला लागलं तर मी भांडेन.

यंत्र फिरलं तेव्हा आण्णा घरातून बाहेर आले नाहीत. त्यांनी त्या वाक्याबद्दल पुन्हा काही विचारलेलं नाही. मी त्यांना सांगू शकले असते की मास्तरांनी रकाना काढायला लावला. सांगितलं नाही. तुमची अब्रू राखायला नाही. तुम्ही त्यांचा चहा पुन्हा मागून प्यायला होतात, आणि ते अजून कधीमधी ते सांगतात.

कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधाची एक प्रत आहे. त्या पानाबद्दल मी विद्यापीठाला लेखी कळवणार आहे, माझ्या नावाने, आणि गाईड म्हणून तुमचंही नाव त्यात येईल. तुम्हाला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. तुम्ही नको म्हणाला असतात, तरी केलं असतं. निदान आज तरी तसं वाटतं.

एक राहिलं. तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. तुमच्या घरी कळवलं होतं की ताप आहे. ताप नव्हता. त्या दुपारी मी कॉलेजच्या मागच्या गल्लीत उन्हात उभी होते, आत लाउडस्पीकर तपासल्याचा आवाज येत होता, आणि मला ठाऊक होतं की मला दोन शब्द बोलायला सांगतील. मी चांगलंच बोलले असते, सर. आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं.